न खपलेल्या गाडीची किंमत

१७ ऑगस्ट २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे एका उघड्या टपाच्या फेरारीचा लिलाव झाला. लिलाव कंपनीचा अंदाज १ कोटी ४० लाख ते १ कोटी ७० लाख डॉलरचा होता. प्रत्यक्षात हातोडा पडला २ कोटी ५० लाखांवर. त्यावर खरेदीदाराने भरायचे दहा टक्के कमिशन धरून रक्कम झाली २ कोटी ७५ लाख डॉलर. हीच गाडी १९६८ साली पहिल्या मालकाने साधारण १४ हजार डॉलरला नवी घेतली होती. म्हणजे पंचेचाळीस वर्षांत जवळपास दोन हजार पट.

जुन्या गाड्यांच्या लिलावांची वर्णने वाचण्याचा मला नाद आहे. विकत घेण्याचा प्रश्नच येत नाही. पण एखाद्या वस्तूची किंमत कशाने वाढते, याचे इतके उघड हिशेब दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळतात. या गाडीचा हिशेब तर विशेष आहे. कारण तिच्या आजच्या किमतीचे मूळ शोधत गेले की हाती लागते ते १९६७ सालचे व्यापारी अपयश.

या गाडीचे लोकप्रिय नाव ‘नार्ट स्पायडर’. स्पायडर हा शब्द घोडागाड्यांच्या काळातला. हलक्या, उंच चाकांच्या एका बग्गीला तो लावत, पुढे तो उघड्या मोटारीला चिकटला. ‘नार्ट’ म्हणजे नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम. तिचा संस्थापक लुइजी किनेत्ती हा मूळचा इटालियन. ल माँची चोवीस तासांची शर्यत त्याने तीनदा जिंकली: १९३२ आणि १९३४ मध्ये अल्फा रोमिओवर, १९४९ मध्ये फेरारीवर. १९४० साली इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या निमित्ताने तो अमेरिकेत आला आणि युद्धामुळे तिथेच राहिला. पुढे अमेरिकेत फेरारी खपवण्याचे काम मुख्यतः त्याच्याच हातून झाले.

१९६६ साली फेरारीने ‘२७५ जीटीबी/४’ हे बंद छताचे मॉडेल आणले. यातला २७५ हा आकडा एका सिलिंडरचे घनफळ सांगतो, घन सेंटिमीटरमध्ये. असे बारा सिलिंडर, म्हणजे एकूण इंजिन सुमारे ३.३ लिटरचे. शेवटचा ४ म्हणजे चार कॅमशाफ्ट. ताकद ३०० अश्वशक्ती. गिअरबॉक्स इंजिनाला लागून न ठेवता मागच्या चाकांपाशी नेला होता, त्यामुळे वजन पुढे-मागे सारखे वाटले जाई. किनेत्तीला ही गाडी पसंत होती, पण उन्हात टप उघडून फिरणारे आपले अमेरिकन गिऱ्हाईक ती उघडी मिळाली तर अधिक खूश होईल, असे त्याला वाटले. फेरारीची २७५ जीटीएस ही उघडी गाडी होऊन गेली होती. पण तिचे इंजिन सौम्य आणि रूप वेगळे होते. किनेत्तीला हवी होती तीच बंद गाडी, तिच्याच डौलात, फक्त छताशिवाय. मोदेनातील स्कालिएत्ती यांच्या कारखान्याने ती करून दिली. बेत होता पंचवीस गाड्यांचा.

सुरुवात झकास झाली. पहिली गाडी एप्रिल १९६७ मध्ये सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत उतरली. डेनिस मॅक्लगेज आणि पिंकी रोलो या दोन महिला चालकांनी ती सतराव्या क्रमांकावर आणली. नंतर तीच गाडी स्टीव्ह मॅक्वीन आणि फे डनवे यांच्या ‘द थॉमस क्राऊन अफेअर’ या १९६८ च्या चित्रपटात झळकली. शर्यत झाली, सिनेमा झाला, नियतकालिकांत कौतुक झाले. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. चौदा हजारांवर डॉलर मोजायचे, तर तेवढ्यात त्या काळी दोन उघड्या कॅडिलॅक आल्या असत्या. शिवाय फेरारीच्याच दुकानात ३३० जीटीएस ही दुसरी, अधिक आरामशीर उघडी गाडी होती. शेवटी किनेत्तीने दहावर हात आखडता घेतला. उरलेल्या पंधरा कधी बनल्याच नाहीत.

या न बनलेल्या पंधरा गाड्यांनीच बनलेल्या दहांची किंमत ठरवली. किनेत्तीचा अंदाज खरा ठरून पंचवीसच्या पंचवीस हातोहात खपल्या असत्या, मागणी पाहून आणखी शंभर आल्या असत्या, तर आज ही एक देखणी जुनी फेरारी असती, एवढेच. दुर्मिळता हा गुण म्हणून आपण बोलतो, पण गाडीच्या पत्र्यात किंवा इंजिनात तो कुठेच नसतो. तो असतो त्या काळातल्या, गाडी पाहून परत गेलेल्या गिऱ्हाइकांच्या नकारात.

पण दुर्मिळ वस्तूला एक शाप असतो: ती पुन्हा बनवता येते, असे कोणाला तरी वाटते. इथे थोडे तंत्र समजून घ्यायला हवे. आजच्या बहुतेक मोटारींत छत, खांब आणि तळ मिळून एकच पेटी असते. बुटांच्या खोक्याचे झाकण काढले की खोके जसे पिळले जाते, तशी अशा गाडीचे छत कापले की ती लचकते. त्या काळच्या फेरारीत मात्र भार पेलायला खाली पोलादी नळ्यांचा स्वतंत्र सांगाडा असे. छत काढल्यावर मजबुती वाढवावी लागेच, पण काम कसबी कारागिराच्या आवाक्यातले होते. नंतरच्या काळात तसे कारागीर आणि तसे मालक दोन्ही भेटले.

याचा सर्वांत बोलका दाखला २७५ नंतर आलेल्या ३६५ जीटीबी/४ चा, म्हणजे ‘डेटोना’चा. कारखान्याने बंद डेटोना बाराशेहून अधिक केल्या, उघड्या फक्त सव्वाशेच्या आसपास. साहजिकच उघडीचा भाव चढला. तेव्हा कित्येक मालकांनी आपल्या बंद गाडीचे छत कापून ती उघडी करून घेतली. पुढे बाजाराला खरी-खोटी ओळखू येऊ लागली आणि गणित फिरले. कापलेली गाडी ना अस्सल उघडी राहिली, ना अस्सल बंद. काहींनी मग पुन्हा खर्च करून छत परत बसवून घेतले! किंमत वाढावी म्हणून मारलेली करवत किंमतच कापून गेली.

मग अस्सल कशी ओळखायची? नुसत्या डोळ्यांनी नाही. कारण चांगल्या कारागिराचे काम डोळ्याला फसवते. इथे कामाला येतात ते आकडे आणि कागद. सांगाड्यावर ठोकलेला चासी क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, गिअरबॉक्सवरचा क्रमांक, आणि हे सगळे कारखान्याच्या नोंदींशी जुळतात का. त्यानंतर मालकांची साखळी: कोणी कोणाला कधी विकली, मधली किती वर्षे कोरी आहेत. दहाच गाड्या असल्या की प्रत्येकीचा इतिहास कुळाच्या वंशावळीसारखा पाठ झालेला असतो. अकरावीला उभे राहायला जागा नसते. माँटेरेला विकली गेलेली गाडी पहिल्यापासून एकाच घरात होती. उत्तर कॅरोलायनातील एका व्यावसायिकाने ती थेट किनेत्तीकडून घेतली आणि हयातभर सांभाळली. त्याच्या पश्चात कुटुंबाने ती लिलावात काढली. साखळीला एकच कडी, म्हणून ती इतकी भक्कम.

तुलनेला आणखी एक आकडा. सेब्रिंगला धावलेली, सिनेमात दिसलेली पहिली गाडी २००५ साली लिलावात ३९ लाख ६० हजार डॉलरला गेली होती. आठ वर्षांनी तिच्याच एका बहिणीला सातपट रक्कम मिळाली. गाड्या तेवढ्याच, दहा; वाढले होते ते त्या दहांकडे पाहणाऱ्या श्रीमंतांचे डोळे. १४ हजारांचे पावणेतीन कोटी म्हणजे दरसाल चक्रवाढीने साधारण १८ टक्के. पण हा हिशेब जिंकलेल्या गाडीचा आहे. त्याच वर्षी त्याच भावात घेतलेल्या आणि भंगारात गेलेल्या गाड्या कोणत्याही लिलावाच्या यादीत येत नाहीत. म्हणून या आकड्यावरून गुंतवणुकीचा धडा घेऊ पाहणाऱ्याला मी थांबवीन.

‘मूळ रूप’ हा प्रश्न आता आपल्या दारातही आला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले; राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असा क्रमांक त्यांना मिळतो. पहिल्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली असावी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. अट वाचायला सोपी आहे. पण पन्नास वर्षांत टायर, नळ्या, वायरिंग, रंग, गाद्या बदलल्याच जाणार. त्या बदलल्या नाहीत तर गाडी चालत नाही, आणि बदलत गेल्या तर मूळ किती उरले, हा प्रश्न सुटत नाही. माझे मत असे की सीमारेषा सुट्या भागांत नाही, नोंदीत आहे. काय बदलले, कधी, का, हे लिहून ठेवलेले असेल तर बदल हाही इतिहासाचा भाग होतो. लपवलेला असेल तर तो खोटेपणा ठरतो.

आपल्याकडे नेमके इथेच घोडे पेंड खाते. आजोबांची गाडी आपण हळव्या मनाने सांभाळतो, आणि तिचे जुने पुस्तक, विम्याचे कागद, गॅरेजची बिले दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देतो. पत्रा नवा ठोकून मिळतो. १९६८ सालची पावती नव्याने फाडून मिळत नाही.

माँटेरेच्या त्या विक्रीची रक्कम कुटुंबाने धर्मादाय कामांना दिली. एका हौशी माणसाने गाडी घेतली ती चालवायला, आणि चालवली. ती दुर्मिळ ठरेल म्हणून त्याने ती घेतली नव्हती. तेव्हा तर ती कोणालाच नको होती. त्याने केले ते इतकेच: टप कापला नाही, जोडला नाही, कागद सांभाळले आणि विकायची घाई केली नाही. बाकीचे काम काळाने आणि इतरांच्या नकाराने केले.