सेकंदाला ४ मीटर: सोलापूरच्या पावसाचे गणित

१८ टक्के. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) सोलापूर परिसरात केलेल्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगातून निघालेला हा आकडा. २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यांत २७६ ढग निवडले गेले. काहींत विमानातून कॅल्शियम क्लोराइड सोडले, काही तसेच ठेवले. वारा वाहतो त्या दिशेच्या १०० चौ. किमी क्षेत्रात १८ टक्के जादा पाऊस मोजला गेला. दोन वर्षांत मिळून ८.६७ मिमी, म्हणजे ८६.७ कोटी लिटर. खर्च लिटरमागे १८ पैसे.

मात्र विमानाने ढगात पाणी घातले नव्हते. बदलला तो थेंबांचा आकार, आणि आकारासोबत पडण्याचा वेग. ०.०२ मिमी व्यासाचा ढगातला कण सेकंदाला सुमारे १.२ सेंटीमीटर उतरतो. २ किमी उंचीवरून जमिनीवर यायला त्याला जवळपास दोन दिवस लागतील, आणि तो त्याच्या कितीतरी आधी विरून जातो. ०.२ मिमीचा थेंब सेकंदाला ०.७२ मीटर, १ मिमीचा ४ मीटर, ५ मिमीचा ९.१ मीटर वेगाने पडतो.

हवामानाच्या संगणकीय प्रारूपांना हाच वेग हाताळावा लागतो. आयआयटीएमने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झाली. अंदाजासाठी भूभाग ज्या चौकटींत विभागतात, ती चौकट तिच्यात ६ किमीची, आधीच्या प्रणालीत १२ किमीची. सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,८९५ चौ. किमी, म्हणजे जिथे सुमारे १०३ चौकटी होत्या तिथे आता ४१४.

चौकट लहान झाली की थेंबाचा प्रवास नजरेआड करता येत नाही. ढगाचा तळ २ किमीवर आणि वारा ताशी ३६ किमी धरू. १ मिमीचा थेंब ५०० सेकंदांत खाली येतो आणि तेवढ्यात ५ किमी वाहत जातो. चौकट ६ किमीची असेल तर तो बहुधा शेजारच्या चौकटीत पडेल. ०.२ मिमीचा थेंब ४६ मिनिटे घेईल, २८ किमी जाईल. कोरड्या हवेत तो वाटेतच संपण्याची शक्यता जास्त. अनेक जुनी प्रारूपे तयार झालेला पाऊस त्याच क्षणी, त्याच चौकटीत जमिनीवर टाकत. युरोपीय हवामान केंद्राने (ईसीएमडब्ल्यूएफ) पडता पाऊस स्वतंत्र राशी म्हणून वाहू द्यायला सुरुवात केली ती नोव्हेंबर २०१० मध्ये.

अडचण दुसरीही आहे. प्रारूप काळात पावलापावलाने पुढे सरकते. त्याचे एक पाऊल ३०० सेकंदांचे असेल, तर ५ मिमीचा थेंब त्या एका पावलात २,७३० मीटर पडतो. प्रारूपातले हवेचे थर ५० मीटर जाडीचे असतील तर ५४ थर ओलांडतो. हिशेब बिघडू नये म्हणून पाऊल पाच-सहा सेकंदांच्या तुकड्यांत मोडावे लागते, किंवा थेंब कुठे पोहोचेल ते थेट काढणारी पद्धत वापरावी लागते.

सगळ्यात विचित्र आकडा सरासरीचा आहे. १ मिमीचे १२५ थेंब आणि ५ मिमीचा एक थेंब यांचे वजन सारखेच. अशा मिश्रणाचा वजनानुसार सरासरी वेग सेकंदाला ६.५५ मीटर निघतो, आणि या वेगाने त्यातला एकही थेंब पडत नाही. एकच वेग मानणाऱ्या प्रारूपात सगळे पाणी २ किमीवरून ५ मिनिटे ५ सेकंदांनी पोहोचते. प्रत्यक्षात निम्मे ३ मिनिटे ४० सेकंदांनी, उरलेले ८ मिनिटे २० सेकंदांनी.

उपाय म्हणून थेंबांचे एकूण वजन आणि त्यांची संख्या वेगवेगळ्या वेगांनी खाली आणणारी प्रारूपे आली. या उदाहरणात संख्येचा सरासरी वेग फक्त ४.०४ मीटर. वजन पुढे निघते, संख्या मागे राहते. खालच्या थरांत मूठभर थेंबांच्या नावावर भरपूर पाणी जमा होते आणि कागदोपत्री थेंब अवास्तव मोठे होतात. मोठ्या थेंबाचे बाष्पीभवन कमी. त्यामुळे जमिनीवर पोहोचणाऱ्या पावसाचा अंदाज फुगू शकतो.

पावसाळी पट्ट्यात ही चूक खपून जाईल. पर्जन्यछायेतल्या सोलापुरात नाही. प्रयोगाचे १०० चौ. किमी म्हणजे नव्या प्रणालीच्या जेमतेम २.८ चौकटी. तिथला १८ टक्क्यांचा फरक प्रारूपात दिसायचा असेल, तर थेंबाच्या वेगामुळे पावसाच्या अंदाजात येणारी चूक त्याहून लहान असावी लागेल.