न छापलेल्या यादीचा मागोवा

ज्या काळी पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत दूरध्वनी म्हटला की तो मामलेदार कचेरीत, एखाद्या पेढीवर, डॉक्टरांच्या दवाखान्यात आणि मोजक्या सुखवस्तू घरांत आढळे, त्या काळी खात्याच्या जाडजूड निर्देशिकेत आपले नाव, पत्ता आणि क्रमांक यांची एक ओळ छापून येणे हा प्रतिष्ठेचा दाखला समजला जाई. ती ओळ छापण्यापूर्वी खातेदाराची संमती घ्यावी असे खात्याला वाटले नाही आणि खातेदारानेही त्यास हरकत घेतली नाही. कारण तो क्रमांक घराचा होता, माणसाचा नव्हता. घंटा वाजली की जो जवळ असेल तो फोन उचली, वाड्यावरच्या शेजाऱ्याचा निरोप घेई आणि हाक मारून तो पोहोचवी. 0832 म्हणजे गोवा आणि पत्रादेवीची हद्द ओलांडली की 02363 म्हणजे सावंतवाडी, इतके स्थलज्ञान त्या आकड्यांतच सामावलेले असे.

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत तत्कालीन केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी केलेल्या संभाषणाने भारतात भ्रमणध्वनीचे युग सुरू झाले, आणि पुढे गोव्याचा समावेश महाराष्ट्राच्याच सेवाक्षेत्रात झाल्यामुळे पेडण्याचा आणि सावंतवाडीचा भ्रमणध्वनी क्रमांक नुसता पाहून वेगळा ओळखता येईनासा झाला. आरंभीच्या वर्षांत फोन घेणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. 2003 साली ती आकारणी संपेपर्यंत अनोळखी माणसाचा फोन म्हणजे खिशाला प्रत्यक्ष भुर्दंड होता, आणि आपला क्रमांक मोजक्या माणसांपुरता राखण्याची सवय लोकांना लागली ती अंशतः या व्यवहारातून. यादी छापावयाची तर कोणाच्या अनुज्ञेने, हा प्रश्न दूरसंचार नियामक प्राधिकरणापुढे आला तेव्हा 2005 सालच्या शिफारशींत त्याने भ्रमणध्वनीधारकाची स्पष्ट संमती आवश्यक मानली. हा निर्णय योग्यच होता, असे माझे ठाम मत आहे. बाजारातून मिळविलेल्या याद्यांच्या आधारे ब्रिटनमध्ये 2009 च्या जूनमध्ये सुरू झालेली 118800 ही भ्रमणध्वनी निर्देशिका लोकक्षोभामुळे महिन्याभरातच स्थगित करावी लागली, हे पाहता त्या शिफारशीची दूरदृष्टी अधिकच जाणवते.

आपल्याकडे सर्व कंपन्यांच्या ग्राहकांची अशी एकत्रित छापील निर्देशिका निघालीच नाही. परंतु जी यादी कोणी छापली नाही ती तयार झाली नाही, असे मात्र म्हणता येत नाही. रिचार्जच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक वही असे. गिऱ्हाईक येई, आपल्या हाताने क्रमांक आणि रक्कम लिही, दुकानदार त्यावरून पैसे भरी आणि त्या ओळीवर काट मारी, पण वही तशीच उघडी राही आणि पुढचे गिऱ्हाईक आधीच्या साऱ्या ओळी वाचू शके. बायकामुलींना याचा जो त्रास झाला तो इतका सार्वत्रिक होता की, खरा क्रमांक दुकानदाराला न सांगता रिचार्ज करण्याची सोय 2018 साली व्होडाफोनने मुद्दाम स्त्रियांसाठी आणली.

वहीपेक्षा मोठी यादी निघाली ती लोकांच्या खिशातून. फोन करणाऱ्याचे नाव दाखविणाऱ्या अ‍ॅपांनी वापरणाऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या फोनमधील नावे आपल्या दप्तरी जमा करण्याची प्रथा पाडली. पण संमती दिली ती फोनच्या मालकाने, आणि नाव गेले ते त्याच्या मामाचे, मास्तरांचे, गाईचे दूध घालणाऱ्या बाईचे. ज्याचे नाव गेले त्याला कोणी विचारलेच नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले, तेव्हा अशा कितीतरी याद्या आधीच भरून वाहत होत्या.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले हे खरे, परंतु व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेविली आहे, आणि येथे मला आपल्या दोन तालुक्यांची चिंता वाटते. हरमल-मांद्र्यात खोली भाड्याने देणारा घरमालक फाटकावर क्रमांक रंगवितो तो पाहुण्यासाठी. डिचोलीच्या खाणपट्ट्यातला ट्रकमालक फाळक्यावर तो लिहितो तो भाड्यासाठी. जानेवारी 2023 मध्ये मोपा विमानतळावरून विमाने सुरू झाली आणि परिसरातल्या जमिनीकडे बाहेरच्यांचे डोळे लागले. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा संगणकावर कोणालाही पाहता येतो, त्यात क्रमांक नसतो पण नाव असते, आणि नावाशी फाटकावरचा क्रमांक जुळविला की दलालाचे काम झाले. एका कामासाठी दिलेली अनुज्ञा दुसऱ्या कामाला चालविणे हा विश्वासघात आहे, आणि कायद्याची ही पळवाट बुजविलीच पाहिजे.

आता आणखी एक पाऊल पडले आहे. फोन येताच करणाऱ्याचे नोंदलेले नाव दिसावे, ही सोय ग्राहकाने मागितली तरच द्यावी असे प्राधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये सुचविले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये ती न मागताच सुरू असावी आणि नको असणाऱ्याने बंद करून घ्यावी, असे ठरले. फसवणुकीला त्याने आळा बसेल, हे मी मानतो. परंतु बंद करण्याची मुभा आहे ती नाव पाहणाऱ्याला. ज्याचे नाव दिसावयाचे त्या सामान्य ग्राहकाला स्वतंत्रपणे विचारण्याची तजवीज त्यात नाही. शिवाय आपल्याकडे कित्येक घरांत आईच्या हातातले सिम मुलाच्या नावावर असते, सुनेचे सासऱ्याच्या. मांद्र्याच्या आईने डिचोलीच्या दवाखान्यात फोन लावला तर तेथे नाव उमटेल ते पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचे. सिम देताना जो अर्ज भरून घेतात त्यात, आपले नाव समोरच्याला दाखवावे की नाही, असा मराठी-कोकणीत छापलेला वेगळा रकाना असावा आणि त्यापुढे सही घ्यावी, एवढी मागणी आपल्या पंचायतींनी ठराव करून प्राधिकरणाकडे पाठविण्यास कोणताच अडसर नाही.