शेजाऱ्याची शिदोरी

खड्या मिठाचा दाणा भिंगाखाली धरला की आधी त्यातले दुधाळ पट्टे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच पट्ट्यांचे बारीक चौकोनी कप्पे होतात. स्फटिक भराभर वाढताना कोंडलं गेलेलं हे खारं पाणी; एखाद्या कप्प्यात बुडबुडाही असतो. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरातून चैत्रात आणलेले दाणे मी असे तासन्‌तास न्याहाळले आहेत.

उन्हाने वाफ्यातलं पाणी आटत गेलं की त्यावर गुलाबी छटा चढते. त्यात मोठा वाटा हॅलोआर्किया या लवणप्रेमी सूक्ष्मजीवांचा. भोवतालच्या मिठाने पेशीतलं पाणी ओढून घेऊ नये म्हणून ते आत पोटॅशियम साठवतात. मीठ धरतं तेव्हा पाण्यासोबत तेही कप्प्यांत अडकतात. त्यानंतर बाहेरून अन्नाचा कणही येत नाही.

तरीही ते टिकतात, आणि कसे टिकतात हे मला थक्क करतं. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत मिठाच्या थरांतून काढलेला ९० मीटर लांबीचा गाभा बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या ब्रायन शुबर्ट, टिम लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी तपासला. २२ ते ३४ हजार वर्षं जुन्या स्फटिकांतले हॅलोआर्किया त्यांनी प्रयोगशाळेत पुन्हा वाढवले. शेकडो स्फटिकांपैकी मोजक्यांतूनच वाढ झाली, तीही महिनोन्‌महिने वाट पाहिल्यावर. कप्प्यांतल्या पेशी आकसून इवल्याशा गोल झाल्या होत्या. उपासमारीत त्या असंच अंग चोरतात.

त्यांच्या शेजारी होतं ड्युनालिएला, एकपेशीय शैवाल. खारटपणा सोसण्यासाठी ते स्वतःत ग्लिसरॉल भरून ठेवतं. शैवाल मेल्यावर हे ग्लिसरॉल पाण्यात पाझरतं आणि हॅलोआर्कियांची शिदोरी होते. वाढ थांबवून निव्वळ डागडुजीवर जगायचं ठरवलं तर एवढ्याशा ग्लिसरॉलवरही प्रचंड काळ निघतो. डागडुजी मात्र चुकवता येत नाही, कारण काळासोबत डीएनए तुटत राहतो. हॅलोआर्कियांच्या अनेक जातींत जनुकसंचाच्या अनेक प्रती असतात; एक बिघडली तर दुसरीवरून ती दुरुस्त करता येते. त्यांतली हॅलोफेरॅक्स व्होल्कानी ही जात तर फॉस्फेटचा तुटवडा पडला की या जादा प्रतींतलं फॉस्फेटही वापरते.

न्यू मेक्सिकोतल्या २५ कोटी वर्षं जुन्या मिठातून जिवंत जिवाणू मिळाल्याचा दावा २००० साली झाला होता. त्या जिवाणूची जनुकं आजच्या जातींच्या फार जवळची निघाल्याने तो दावा वादात आहे. मला डेथ व्हॅलीचा पुरावा अधिक पटतो. तिथे पेशी कप्प्यात दिसतात आणि त्यांना कोणी पोसलं तेही दिसतं.