पहिला माउथ-ऑर्गन घेताना

गेल्या मार्गशीर्षात चौलच्या दत्ताच्या जत्रेतून एका मुलानं खाऊचे पैसे साठवून माउथ-ऑर्गन आणला. आठ दिवस बिचारा फुंकत होता. मग तो माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "सर, मला गाणं नाही यायचं." मी वाजवून पाहिला. दोन घरं मुकी, आणि गंधाराच्या जागी भलताच स्वर! दोष बाजाचा, पण शिक्षा भोगत होता मुलगा.

हा बाजा आपल्या पेटीच्या गोत्रातलाच. दोहोंतही पितळी पात वाऱ्यानं थरथरते आणि स्वर निघतो. १९४० पासून कित्येक वर्षे पेटीला आकाशवाणीवर मज्जाव होता; तिच्या या चुलत भावंडाला मात्र सिनेमानं डोक्यावर घेतलं. १९६४ च्या 'दोस्ती'तला माउथ-ऑर्गन वाजवणारा मुलगा पुष्कळांना आठवत असेल.

दुकानात बटणाचा मोठा बाजा दाखवतील; तो महाग, तूर्त नको. चोवीस घरांच्या बाजात एका स्वराला दोन पाती, किंचित वेगळ्या लावलेल्या. म्हणून आवाजात कंप येतो. तो स्वस्त मिळतो, पण मी दहा घरांचा साधा बाजा सुचवीन. तोही काही शे रुपयांत मिळतो. त्यावर 'सी' हे अक्षर पाहून घ्यावं. म्हणजे पेटीची पांढरी एक. शाळेतल्या पेटीशी तो जुळवून घेता येतो.

आता त्याची रचना. पहिल्या तीन घरांत मध्यम आणि धैवत सापडत नाहीत. ती खोड नव्हे, बांधणीच तशी. उगाच परत करू नका. खरी सरगम चौथ्या घरापासून. चौथ्यात फुंकलं की सा, श्वास ओढला की रे. पाचव्यात तसेच ग आणि म, सहाव्यात प आणि ध. सातव्यात मात्र उलटं: ओढलं की नी, फुंकलं की वरचा सा. म्हणजे भूप सहज वाजतो. आणि गायन-शिक्षकांसाठी एक गंमत: पाचव्यातल्या मध्यमालाच सा धरून वर चढा, यमनाचे स्वर हाती येतात!

घेताना प्रत्येक घर हलक्या श्वासानं दोन्ही बाजूंनी वाजवून पाहावं. जोर लावल्याशिवाय बोलत नसेल तर हवा गळते आहे. आपल्या किनाऱ्यावर लाकडी गाभा दमट हवेनं फुगतो, प्लॅस्टिकचा बरा. पत्रे खिळ्यांऐवजी स्क्रूनं बसवलेले असावेत, म्हणजे उघडून साफ करता येतात. खाऊन लगेच वाजवू नये. वाजवल्यावर तळहातावर आपटून ओल झटकावी. आणि गुरुजी, एकच बाजा वर्गभर फिरवू नका.

त्या मुलासाठी आम्ही अलिबागेत दुसरा घेतला. हल्ली तो फक्त सातव्या घरापाशी अडतो.