शंभरातले किती न्यूट्रॉन?

अमेरिकेच्या ओहायो राज्यात अथेन्स नावाचं एक छोटं विद्यापीठ-गाव आहे. तिथल्या ओहायो विद्यापीठाच्या एडवर्ड्स प्रवेगक प्रयोगशाळेची मुख्य मालमत्ता म्हणजे ४५ लाख व्होल्टचा टँडेम प्रवेगक आणि ३० मीटर लांबीचा बोगदा. १९९८ साली तिथल्या संशोधकांनी एक मोजमाप प्रसिद्ध केलं. ७.४४ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे ड्यूटेरॉन, म्हणजे जड हायड्रोजनची केंद्रकं, जाड ॲल्युमिनियमवर आदळवले, तर १२० अंशांच्या कोनात कोणत्या ऊर्जेचे किती न्यूट्रॉन बाहेर पडतात, एवढंच त्यात आहे. नवा कण नाही, नवं मूलद्रव्य नाही, बातमी व्हावी असं काहीच नाही. तरीही वेगवान न्यूट्रॉन मोजणाऱ्या डिटेक्टरचा भरवसा अशाच रुक्ष आकड्यांवर टिकतो, आणि संगणक कितीही सरस झाले तरी त्यांची गरज संपलेली नाही, असं माझं म्हणणं आहे.

न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने तो थेट पकडता येत नाही. सिंटिलेटर म्हणजे कण गेला की प्रकाश पाडणारा पदार्थ; त्याच्या द्रवात हायड्रोजन भरपूर असतो, आणि न्यूट्रॉनचं वस्तुमान हायड्रोजनच्या प्रोटॉनएवढंच. कॅरमची एक सोंगटी दुसरीला समोरून लागली तर जवळपास सगळा वेग दुसरीला मिळतो, कडेने घासली तर जेमतेम. इथेही तसंच घडतं. उसळलेला प्रोटॉन द्रवात प्रकाश पाडतो आणि फोटोमल्टिप्लायर त्याचा विजेचा स्पंद करतो. न्यूट्रॉनची ऊर्जा कळते ती प्रवासाला लागलेल्या वेळेवरून: २ एमईव्हीचा न्यूट्रॉन ५ मीटर जायला सुमारे २५६ नॅनोसेकंद घेतो, प्रकाश १७. उरतो तो मोजणीचा प्रश्न. शंभर न्यूट्रॉन आत शिरले तर नोंद किती जणांची झाली? हीच कार्यक्षमता, आणि ती एकट्या डिटेक्टरचा गुण नसते. फार लहान स्पंद गोंगाटात बुडतात, म्हणून एक उंबरठा ठरवावा लागतो आणि त्याखालचं सगळं सोडून द्यावं लागतं.

खरी अडचण या उंबरठ्यात आहे. २ एमईव्हीच्या धडकेत प्रोटॉनला शून्यापासून २ एमईव्हीपर्यंत कितीही ऊर्जा मिळू शकते, आणि सगळ्या शक्यता साधारण सारख्याच असतात. उंबरठा १.६ एमईव्हीच्या प्रोटॉनवर असेल, तर पहिल्याच धडकेपुरता विचार केल्यास २० टक्के धडका नोंदल्या जातील. तोच उंबरठा अवघा ५ टक्के वर, १.६८ वर सरकला, की उरतात १६ टक्के; म्हणजे मोजणीचा पाचवा हिस्सा गेला. १० एमईव्हीच्या न्यूट्रॉनसाठी हाच बदल ८४ वरून ८३.२ असा, नगण्य. आणि विखंडनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनची सरासरी ऊर्जा २ एमईव्हीच्या आसपासच असते! जिथे गर्दी सर्वांत जास्त, तिथेच पाय सर्वांत निसरडा.

यावर आक्षेप येतो की अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेत १९८८ पासून डिटेक्टरची कार्यक्षमता काढणारी ‘सिनफुल’सारखी गणनप्रणाली आहे, न्यूट्रॉन-प्रोटॉन टकरीची शक्यता एक टक्क्याहून बारीक अचूकतेने ठाऊक आहे, मग प्रवेगकाचा वेळ का खर्चायचा? कारण टक्कर माहीत असली तरी प्रकाश माहीत असतोच असं नाही. २ एमईव्हीचा प्रोटॉन तेवढ्याच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनच्या जेमतेम तिसरा हिस्सा प्रकाश देतो, आणि हे प्रमाण ऊर्जेनुसार बदलतं. उंबरठा मात्र बहुधा सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांनी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या मापात लावला जातो. ८ एमईव्हीच्या वर कार्बनचं केंद्रक तीन अल्फा कणांत फुटू लागतं. त्यांचा प्रकाश फारच क्षीण. संगणक दिलेल्या प्रकाश-वक्राशी प्रामाणिक राहतो. तो वक्र सिंटिलेटरच्या या नळकांड्याला, या फोटोमल्टिप्लायरला लागू आहे का, हे त्याला विचारून कळत नाही; ते कळतं ॲल्युमिनियममधून येणाऱ्या, आधीच मोजलेल्या न्यूट्रॉनसमोर डिटेक्टर ठेवून नोंदी ताडल्यावरच.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ॲल्युमिनियमचे न्यूट्रॉनही कुठल्या तरी डिटेक्टरनेच मोजले ना? मोजले, पण सिंटिलेटरने नाही, तर युरेनियम-२३५ चा पातळ थर असलेल्या विखंडन कक्षाने. तिथे विखंडनाचे तुकडे एवढा मोठा स्पंद देतात की उंबरठा थोडा हलला तरी फारसं बिघडत नाही. असा कक्ष फार थोडे न्यूट्रॉन टिपतो, पण किती थोडे ते नेमकं सांगतो. सिंटिलेटरचं नेमकं उलटं. युरेनियमची विखंडन-शक्यताही अखेर हायड्रोजनच्या टकरीशी ताडून ठरवलेली आहे, पण ते ताडणं द्रवाच्या प्रकाशावर अवलंबून नसतं. म्हणून याला मी वर्तुळ म्हणत नाही.

कॅलिफोर्नियम-२५२ चा छोटा स्रोत आणून घरच्या घरी काम उरकावं, हा सल्ला वाईट नाही. ओक रिजच्या अणुभट्टीत बनणारं हे मूलद्रव्य दर विखंडनाला सरासरी ३.७६ न्यूट्रॉन देतं, आणि स्रोताची एकूण तीव्रता गेथर्सबर्गच्या राष्ट्रीय मानक संस्थेत मँगेनीज सल्फेटच्या द्रावणात ठेवून मोजता येते. पण १० एमईव्हीच्या वर त्याचे न्यूट्रॉन विरळ होतात, आणि साध्या खोलीत भिंतींवरून परतलेले न्यूट्रॉन उशिरा पोहोचून मंद न्यूट्रॉन असल्याचं भासवतात. अथेन्समध्ये डिटेक्टर बोगद्यात जागेवरच राहतो आणि कोन बदलायला प्रवेगकाचा झोतच वळवला जातो, त्यामागे हीच काळजी.

अशी स्वतंत्र पडताळणी मोठ्या प्रयोगांतही लागते. लॉस ॲलामॉसच्या ‘ची-न्यू’ प्रयोगात विखंडनाच्या न्यूट्रॉनचा वर्णपट ५४ द्रव सिंटिलेटरांनी मोजला गेला, आणि मंद भागासाठी २२ लिथियम-काचेचे डिटेक्टर वेगळे वापरले. लिथियम-काच न्यूट्रॉन शोषून काम करते, प्रोटॉन उसळवून नाही. १ एमईव्हीच्या आसपास दोन्हींचे पल्ले एकमेकांवर येतात, आणि द्रवाच्या उंबरठ्यात काही चुकलं असेल तर ते तिथे उघडं पडतं.