ठोक्याची चौकशी

मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना राजमार्ग, सुरतेहून नागपुराकडे जाणारा महामार्ग आणि सोलापुराकडून औट्रम घाट उतरून येणारा तिसरा रस्ता, असे तीन प्रमुख मार्ग ज्या शहरापाशी एकमेकांस भेटतात, त्या धुळ्यात मालमोटारींच्या दुरुस्तीची विद्या वाढीस लागावी यात नवल नाही. रावेर-सावद्याची केळी उत्तरेस नेणारी, किंवा कापसाच्या गाठी लादून पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बिजासनचा वा कोंडाईबारीचा घाट ओढून काढणारी एखादी जुनी गाडी केव्हातरी या रस्त्यांच्या कडेच्या गॅरेजात येऊन उभी राहते आणि ड्रायव्हर आपली कैफियत एका वाक्यात मांडतो: "भाऊ, इंजिन वाजी राह्यनं." एवढ्यावरून इंजिन खोलण्याचा हुकूम सोडणारा मिस्त्री आणि आधी चार प्रश्न विचारणारा मिस्त्री यांच्यातील अंतर मालकाच्या खिशाला चांगलेच ठाऊक असते.

मुळात डिझेल इंजिन मौनव्रती नव्हेच. रुडॉल्फ डिझेलने 1897 साली ऑग्सबर्ग येथे ज्या तत्त्वावर आपले यंत्र यशस्वीपणे चालवून दाखविले, त्यात ठिणगीला स्थान नाही. सिलिंडरातील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या हिश्शात दाबली जाते, तिचे उष्णतामान पाचशे अंशांच्या वर चढते, आणि त्या तप्त हवेत नोजलमधून डिझेलचा फवारा सुटला की ते आपोआप पेटते. मात्र ते तत्क्षणी पेटत नाही. फवारा सुटणे आणि ज्वलन सुरू होणे यांच्यामध्ये अत्यल्प विलंब असतो, त्या अवधीत साचलेले इंधन एकदम भडकते, दाब अकस्मात उसळतो, आणि तोच आपल्याला ठोका म्हणून ऐकू येतो. थंडीत, पहाटेच्या प्रहरी, हा विलंब वाढतो म्हणून ठोकाही वाढतो. इंजिन तापल्यावर तो निवळला तर त्याला व्याधी समजण्याचे कारण नाही. टाटांनी 1954 साली डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरास ट्रक बांधण्यास आरंभ केला. 1969 साली तो करार संपून गाडीच्या तोंडावरचा तारा गेला, पण त्याच कुळातील सहा सिलिंडरांचे इंजिन 1210 सारख्या गाड्यांतून पुढे कित्येक वर्षे रस्त्यावर धावत राहिले. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांचे कान याच इंजिनावर तयार झालेले आहेत.

आवाज कोठून येतो याआधी तो केव्हा येतो हे विचारावे, असे आमचे मत आहे. थंड असताना येऊन गरम झाल्यावर जाणारा टपटपाट बहुधा झिजलेल्या पिस्टनाचा असतो, आणि अशी गाडी ऑइलवर लक्ष ठेवून पुष्कळ दिवस चालविता येते. दुसरा प्रश्न लयीचा. या इंजिनात क्रँक दोन फेऱ्या घेते तेव्हा कॅम एकच घेते. म्हणजे मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर इंजिन संथ चालू असेल, तर एका ढिल्या टॅपेटचा टकटकाट मिनिटाला तीनशे वेळा, आणि सैल झालेल्या रॉड-बेअरिंगचा ठोका बहुधा त्याच्या दुप्पट वेगाने ऐकू येईल. टॅपेटची फट मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढीच राखायची असते. फिलर गेज घेऊन बसले की तासा-दोन तासांत काम आटोपते.

तिसरी पायरी जागा शोधण्याची, आणि खरे कसब तेथे आहे. लांब पेचकसाचा दांडा इंजिनाच्या अंगावर आणि मूठ कानाला, ही पद्धत सर्वपरिचित आहे. तिच्याहून निर्णायक कसोटी अशी, की इंजिन संथ चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या नोजलकडे जाणाऱ्या नळीचा नट किंचित ढिला करावा. (फडके धरावे आणि हात दूर ठेवावा, दाबाखाली सुटणारी डिझेलची धार कातडीत शिरते आणि ती जखम दिसते त्याहून फार वाईट असते.) ज्याचे इंधन तोडल्याबरोबर ठोका थांबतो वा स्पष्ट उतरतो, तो सिलिंडर संशयित. पण दोष इंधनाचा की बेअरिंगचा, हा फैसला अद्याप व्हायचा असतो. त्यासाठी त्या सिलिंडरचे नोजल काढून, तांब्याचे नवे वॉशर घालून, शेजारच्या सिलिंडरात बसवावे. ठोका नोजलाबरोबर शेजारी गेला, तर कसूर नोजलाचा. जागीच राहिला, तर दोष आत आहे. एवढ्या साध्या अदलाबदलीने इंजिन खोलण्याचा अनाठायी खर्च कितीदा तरी वाचतो, आणि ती करण्याचा कंटाळा करणारे मिस्त्रीही तितकेच आढळतात, हे खेदाने म्हणावे लागते.

नोजल गळू लागले, किंवा पंपाचे टायमिंग पुढे सरकून फवारा वेळेआधी सुटू लागला, की ठोका तीक्ष्ण होतो. 1951 साली बंगळूरात स्थापन झालेल्या मायको कंपनीचे नाव आपल्याकडे डिझेल पंपाला जवळजवळ पर्याय म्हणून रूढ झाले. त्या पंपाचे प्लंजर आणि नोजलची सुई यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. त्यात रॉकेल मिसळले की ते पातळ होते आणि हे सूक्ष्म भाग झिजतात. धुळ्याहून फार दूर नसलेल्या मनमाडजवळच्या पानेवाडीस जानेवारी 2011 मध्ये मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले, ही घटना खानदेशात कोणी विसरलेले नाही. तेव्हा वारंवार नोजल जाणाऱ्या गाडीच्या मालकाने मिस्त्र्याला दोष देण्यापूर्वी आपण डिझेल कोठे भरतो, याचा तपास करावा.

आता बाहेरचे आवाज. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर, पाण्याच्या पंपाचे बेअरिंग, एक्झॉस्टच्या फुटलेल्या पॅकिंगमधून होणारा फटफटाट, हे सारे इंजिनाच्या पोटातला आवाज म्हणून खपतात. क्लच दाबताच आवाज बदलला, तर इंजिनाला हात लावू नये.

राहिला तो खोल, जड, चढावर वजन घेताना वाढणारा ठोका. त्याच्या जोडीला गरम इंजिनात ऑइलच्या दाबाचा काटा खाली येत असेल, तर बेअरिंगविषयी संशय घ्यावयास जागा उरत नाही. चेंबरमधले ऑइल स्वच्छ भांड्यात काढून उजेडात पाहावे: चंदेरी कणी दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेला, तांबूस दिसली तर खालचाही गेला. या गाड्यांत चेंबर उतरवून, इंजिन चेसिसवरच ठेवून, रॉडच्या टोप्या खोलून बेअरिंगे तपासता येतात, आणि वेळीच पाहिली तर नुसत्या नव्या जोडावर भागते. उशीर झाला तर क्रँक लेथवर द्यावी लागते, पाव किंवा अर्धा मिलिमीटर घासून घ्यावी लागते, आणि त्या मापाची बेअरिंगे घालून इंजिन पुन्हा बांधावे लागते. तशातच ऑइल का पातळ झाले, त्यात डिझेल तर उतरत नाही ना, याची चौकशी केली नाही तर नवा जोडही त्याच वाटेने जातो.

म्हणून ड्रायव्हरबंधूंना एवढेच सांगावयाचे, की टॅपेट वाजत असेल तर माल खाली करून या. नोजल ठोकत असेल तर धुळ्यापर्यंत सावकाश या. परंतु खोल ठोका आणि पडता काटा ही जोडी दिसली, तर गाडी जागच्या जागी बंद करा आणि टोचन लावून आणा, कारण टोचनाचे भाडे कितीही झाले तरी ते क्रँकच्या किमतीपेक्षा कमीच असते.