अपस्मार
अपस्मार हा मेंदूतील चेतापेशींच्या विद्युत्-क्रियेत अकस्मात बिघाड होऊन वारंवार झटके येण्याचा विकार आहे. बोलीभाषेत त्यास फेफरे, मिरगी अथवा फिट म्हणतात.

प्रत्येक झटक्यात रुग्ण कोसळतोच असे नाही. काही वेळा तो क्षणभर शून्यात पाहत राहतो, हाकेला ओ देत नाही. वर्गात असे मूल ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खाते. मोठ्या झटक्यात मात्र शरीर ताठ होते, दातखिळी बसते व हातपाय झडू लागतात.

शुश्रूषा करणाऱ्याने प्रथम घड्याळ पाहावे. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. ५ मिनिटांहून अधिक चालल्यास, किंवा शुद्ध येण्यापूर्वीच दुसरा आल्यास, तातडीने रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत व झटके ओसरताच रुग्णास कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ श्वासमार्गात जात नाही. हातपाय दाबून धरू नयेत. दातखिळी उघडण्यासाठी चमचा घातल्यास दात तुटतात. जीभ गिळली जाण्याची भीती निराधार आहे. कांदा वा चप्पल हुंगवण्याचाही उपयोग नसतो. तोवर झटका स्वतःच थांबलेला असतो, म्हणून हा समज टिकला. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये.

बरे वाटताच औषध सोडल्याने झटके परततात. विवाह जुळवताना तर आजारच लपवला जातो. वास्तविक हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मधील विवाहाच्या अटींतून अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला आहे.